न वापरलेली मिनिटं

ट्वायलाचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. शाळेच्या स्वयंपाकघरात मंगळवारी मक्याचा पाव असतो, पावणेदोनशे पोरांचा. ऑफिसातल्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "ओलेटा, डायलिसिसवाल्यांचा फोन आहे. आत्ताच्या आत्ता ये म्हणतायत." माझ्या भावाचं, वर्लिनचं, डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवारी ते लोक मला कशाला फोन करतील? हात न धुताच पळाले.

"ओलेटा, वर्लिन कुठाय?" ट्वायला म्हणजे तिथली नर्स. चार वर्षं त्याच्या हातात सुया टोचतेय, त्यामुळे घरच्यासारखीच.

"टेकडीवर असेल, चर्चपाशी. का गं?"

"त्याचा फोन लागत नाहीये. हॉस्पिटलवाल्यांनी दहापासून सतरा वेळा केला, शेवटी मला केला. किडनी आलीय, ओलेटा. त्याच्या नावाची."

तिकडून ती ओरडली, "ऐकतेयस का? अकरापर्यंत वेळ दिलाय. त्याला शोध आणि त्यांना फोन करायला लाव. लिहून घे नंबर."

जवळ कागद नव्हता. बाईंच्या टेबलावरचा मार्कर घेतला आणि पिठाच्या हातावरच लिहिला. भिंतीवरच्या घड्याळात दहा अठरा झाले होते.

चार वर्षं सात महिने आम्ही या एका फोनची वाट बघत होतो. यादीत नाव लागलं तेव्हा हॉस्पिटलच्या बाईने समोर बसवून सांगितलं होतं, की किडनी कधी येईल ते देवालाही माहीत नाही, पण आली की तासाभरात तुम्ही सापडायला हवे. फोन जवळ ठेवा, चालू ठेवा, उचला. तीनच गोष्टी. वर्लिन खाणीत तीस वर्षं उतरला, त्याला नियम पाळायचे कसे ते शिकवायला नको. त्या दिवसापासून त्याचा फोन कधी खिशातून बाहेर राहिला नाही.

मी तिथूनच नंबर फिरवला. हॉस्पिटल अडीच तासांवर, लेक्सिंग्टनला. तिथल्या बाईने पहिल्याच घंटीला उचलला, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

"मी वर्लिनची बहीण. त्याचं उत्तर हो आहे. आम्ही निघतो."

"मॅडम, मला पेशंटशी बोलावं लागेल." आवाज गोड होता, पण हलणारा नव्हता. "ताप, खोकला, कुठे जखम, गेल्या आठवड्यात कुठलं औषध घेतलं, हे मला त्यांच्याच तोंडून हवं. आणि होकारही त्यांचाच."

"अहो, मी सख्खी बहीण आहे. एका घरात राहतो. त्याला शिंक आली तरी मला कळते."

"मला समजतंय. पण तसा नियम आहे. अकरापर्यंत मी थांबू शकते. त्यानंतर मला पुढच्या नावाकडे जावंच लागतं, किडनी थांबत नाही."

"त्याचा फोन का लागत नाहीये?"

"सेवा बंद केली आहे, असं ऐकू येतंय. आणि तुमचा दुसरा नंबर, घरचा, तोही अस्तित्वात नाही म्हणतात."

घरचा नंबर. तो तर आम्हीच चार वर्षांपूर्वी, बिल परवडेना म्हणून, काढून टाकला होता. एवढं सगळं करून यादीत तो तसाच राहिला. तो बदलायचं काम माझं होतं, हेही इथेच सांगून टाकते.

टेकडी शाळेपासून पंचवीस मिनिटं. म्हणजे त्याला इथे आणायचं तर पन्नास. अकराला चाळीस उरली होती. तर फोनच टेकडीवर न्यायला हवा होता. ऑफिसातल्या बाईंनी आपला पुढे केला, पण त्यांच्या कंपनीला आमच्या खोऱ्यात रेंजची एकही दांडी येत नाही. तिथे एकच टॉवर पोचतो, आणि त्या कंपनीचा फोन शाळेत एकाच बाईकडे होता, माझ्याबरोबर स्वयंपाक करणाऱ्या डेल्फियाकडे. तिचाही सरकारी सवलतीचा, वर्लिनसारखाच.

"घे, घे," ती म्हणाली आणि ॲप्रनमधून काढून दिला, "पण ओलेटा, सात मिनिटं उरलीत. मोजून सात. काल फूड स्टँपच्या रेशनवाल्यांनी होल्डवर ठेवून राहिलेली सगळी खाल्ली बघ."

"हो म्हणायला किती वेळ लागतो गं? सात पुष्कळ झाली."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने.

आता तुम्ही म्हणाल, शाळेतूनच पोलिसांना का नाही सांगितलं, कुणीतरी गाडी पाठवली असती. नाही सुचलं. सुचलं असतं तर मी हे सांगत कशाला बसले असते?

गाडी दुसऱ्या खेपेला सुरू झाली. मोठ्या रस्त्यावरून आत वळले आणि समोर ओंडक्यांचा ट्रक. आमचा रस्ता एका गाडीचा, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला डोंगर, ओलांडून जायला जागाच नाही. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. त्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून मला काय खूण केली ती सांगत नाही. आणि त्या ट्रकच्या मागे दहा मैलांच्या वेगाने रांगताना मी माझ्या भावाला शिव्या घालत होते. नक्की वर्षाचा कागद भरला नसेल. दरवर्षी कंपनी कागद पाठवते, की तुम्ही अजून गरीब आहात ना, ते लिहून द्या. तो म्हणतो, एकदा लिहिलंय की, मधे काय लॉटरी लागली मला? मीच भरते दरवेळी. पण मी या वर्षीही भरला होता. मग बंद झाला कसा?

फोनचं त्याचं वेगळंच होतं. पहिल्यांदा हा सवलतीचा फोन मिळाला तेव्हा महिन्याला अडीचशे मिनिटं असायची. त्यातली एकदा दोनशे दहा मिनिटं तो अपंग पेन्शनच्या ऑफिसच्या होल्डवर बसला. तेच ते पियानोचं गाणं ऐकत. शेवटी एक बाई आली, "कशासाठी फोन केलात?" म्हणाली आणि लाईन तुटली. महिन्याचे अकरा दिवस उरले होते आणि फोन मेलेला. त्या अकरा दिवसांत हॉस्पिटलचा फोन आला असता तर? तो झोपला नाही अकरा रात्री. तेव्हापासून त्याने ठरवलं, हा फोन वापरायचा नाही. हा फक्त हॉस्पिटलचा.

पुढे सरकारने नियम केला, की गरिबाच्या फोनला महिन्याला निदान एवढं द्यायलाच हवं, त्याहून कमी चालणार नाही. हजार मिनिटं झाली, इंटरनेटही आलं. मी ते पत्र त्याला वाचून दाखवलं. "हजार, दादा. आता बोल की कुणाशी तरी." तो म्हणाला, "आज हजार देतात, उद्या काढून घेतील. राहू दे शिल्लक." अरे, शिल्लक राहतच नाहीत ती, महिना संपला की गेली. हे मी त्याला शंभरदा सांगितलं. त्याला पटत नाही. न वापरलेली वस्तू कशी संपेल, हेच त्याला कळत नाही.

आणि तो एकटाच शहाणा नव्हता. रविवारी चर्च सुटल्यावर दारात उभं राहून मीच एकेकाला बजावलं होतं, वर्लिनच्या नंबरवर कुणी फोन करायचा नाही. काय असेल ते मला सांगा. लाईन मोकळी हवी. लोक भले, लोकांनी ऐकलं.

मला वेगळा फोन का नव्हता, तेही ऐका. सवलतीचा फोन एका घराला एकच. फॉर्मवर विचारतात, की एका छताखाली राहता, ते ठीक, पण खर्च एकत्र आहे का? डेल्फिया म्हणाली होती, "चूल वेगळी आहे म्हणून लिही, दोघांना दोन मिळतील. कोण बघायला येतंय?" मी लिहायला बसले तर वर्लिनने पेन काढून घेतलं. "वेगळी चूल कशाला लिहू? मी तुझ्या हातचं खात नाही का?" झालं. एक चूल, एक फोन. आणि तो त्याच्या खिशात.

ट्रक एकदाचा आरा गिरणीकडे वळला. दहा सदतीस. मी उरलेला चढ कसा चढले मला आठवत नाही. वळणावर गाडीचं मागचं चाक ओढ्याकडे घसरलं एवढं आठवतंय.

चर्चच्या अंगणात त्याची जुनी पिकअप उभी होती, तोंड टॉवरच्या दिशेला. घरी आमच्या खोऱ्यात रेंज येत नाही, म्हणून तो रोज सकाळी सातला इथे येऊन बसतो आणि अंधार पडला की घरी येतो. रात्री खिडकीपाशी एका खिळ्याला फोन टांगला की तिथे कशीबशी अर्धी दांडी येते. डायलिसिसचे तीन दिवस सोडले तर चार वर्षं हीच त्याची नोकरी. काच खाली करून बसला होता, मांडीवर डबा, बोलोनाच्या मांसाचं सँडविच अर्धं खाल्लेलं. मला बघून घाबरला.

"काय गं? शाळा?"

"दादा, फोन दे तुझा."

"कशाला? लाईन—"

"तुझा फोन बंद आहे. किडनी आलीय. दहापासून ते लोक फोन करतायत आणि तुझा फोन बंद आहे."

त्याने शांतपणे खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "बंद कसा? बघ की. चार दांड्या आहेत. रात्री चार्ज केलाय." त्याला चष्म्याशिवाय अक्षरं दिसत नाहीत. दांड्या दिसतात. दांड्यांच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त आपत्कालीन कॉल.

मी मेसेज उघडले. कंपनीचे पाच, एकही वाचलेला नव्हता. तुम्ही गेल्या तीस दिवसांत ही सेवा वापरलेली नाही. सेवा चालू ठेवण्यासाठी पंधरा दिवसांत एक फोन करा, किंवा आलेला फोन उचला, किंवा एक मेसेज पाठवा. मग दहा दिवस उरले. मग पाच. मग उद्या. शेवटचा नऊ दिवसांपूर्वीचा, आपली सेवा समाप्त करण्यात आली आहे, आमच्या सोबत राहिल्याबद्दल आभार.

म्हणजे नऊ दिवस तो इथे बसून मेलेला फोन राखत होता.

"हे उघडले का नाहीस तू?" माझा आवाज चिरकला.

"कंपनीचे असतात ते. उघडले की डेटा जातो."

"तीस दिवसांत एक फोन करायचा होता रे. एक. कुणालाही. मला करायचास."

"तुझ्याकडे फोन कुठाय?" तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

मी डेल्फियाचा फोन काढला, हातावरचा नंबर बघितला. पीठ वाळून भेगाळलं होतं आणि शेवटचा आकडा घामाने पसरला होता. सात का एक? मी सात लावला. एका म्हाताऱ्याने उचलला, "कोण? कोण बोलतंय?" मी ठेवला. एक मिनिट गेलं. मग एक लावला. वाजला. वाजत राहिला. मग खटकन आवाज झाला आणि एक रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली, की आमचे सर्व प्रतिनिधी इतर फोनवर व्यस्त आहेत, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

आणि गाणं सुरू झालं. पियानो नव्हता, बासरी होती.

दहा सेहेचाळीस.

मी फोन स्पीकरवर ठेवून गाडीच्या टपावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे. वर्लिन दरवाजा उघडून खाली उतरला होता, टोपी हातात, जणू कुणाच्या घरी आलाय. मी त्याला घाईघाईने पढवत होते. "ताप आहे का विचारतील, नाही म्हण. खोकला नाही. पायाची ती जखम भरली, ती सांगू नकोस."

"विचारली तर सांगावी लागेल."

"विचारली तर सांग. आपणहून सांगू नकोस."

बासरी वाजत होती. मधेच ती बाई येऊन सांगायची, आपण रांगेत आहात. किती मिनिटं गेली ते डेल्फियाच्या फोनवर दिसत होतं. तीन. चार. मला ती बासरी हातात सापडली असती तर मी गुडघ्यावर मोडली असती. सरकारने नियम केला महिन्याला इतकी मिनिटं द्या म्हणून, चांगलं केलं, पण ती मिनिटं बासरी ऐकण्यात जातात हे त्या नियमवाल्यांना कुणी सांगितलंय का कधी? श्रीमंत माणूस होल्डवर बसला तर त्याचा फक्त वेळ जातो. डेल्फियाचं या महिन्यातलं राहिलेलं बोलणं काल एका दुपारी असं गेलं होतं, आणि आज शेवटची सात मिनिटं माझ्या भावाच्या नावावर जात होती.

पाच. सहा.

"ठेव आणि परत लाव," वर्लिन म्हणाला.

"परत लावला तर रांगेत मागे जाऊ."

बासरी थांबली. आम्ही दोघं पुढे झुकलो. एक नवाच आवाज आला, अगदी हसरा. आपली या महिन्याची मिनिटं संपली आहेत. अधिक मिनिटांसाठी—

दहा बावन्न.

वर्लिनने टोपी डोक्यावर घातली. "होबार्टकडे तारेचा फोन आहे," तो म्हणाला. होबार्ट आमच्या चर्चचाच, पण त्याचं घर डोंगराच्या पलीकडे, गाडीने बारा मिनिटं. मी किल्ली शोधायला लागले, आणि मग माझी नजर परत वर्लिनच्या हातातल्या फोनवर गेली. फक्त आपत्कालीन कॉल. बंद पडलेल्या फोनवरूनही नऊ-एक-एक लागतो. शाळेत दरवर्षी पोरांना शिकवतात, मी स्वयंपाकघरातून ऐकलंय.

"दादा, नऊ-एक-एक लाव."

"वेडी आहेस का?"

"तिथली बाई हॉस्पिटलला जोडून देईल. लाव."

"ओलेटा, तो आग लागली, गाडी उलटली, त्याच्यासाठी असतो. जिल्ह्यात मोजून दोन लाईनी आहेत. आपण धरून बसायचं आणि तिकडे कुणाचं पोर पाण्यात पडलं असेल तर?"

"माणूसच मरतोय इथे, दादा. तू मरतोयस. आग लागली म्हणजे काय अंगाला धूरच यायला हवा का?"

"तुरुंगात टाकतात उगाच केला तर."

"मी जाते तुरुंगात. लाव."

तो लावेना. मी हिसकायला गेले तर त्याने फोन मुठीत आवळला. एकसष्ट वर्षांचा माणूस आणि छप्पन्न वर्षांची बाई चर्चच्या अंगणात फोनसाठी झोंबत होते. हसू येईल तुम्हाला. मला तेव्हा फक्त आमच्या आईचा चेहरा दिसत होता. ती गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत नवी चादर निघाली होती, लग्नातली, एकदाही न अंथरलेली. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायचे तसा, आणि त्याची मूठ सुटली.

दहा छप्पन्न.

पहिल्या घंटीला उचलला. "नऊ-एक-एक, काय घडलंय?"

आवाज ओळखीचा होता. रोवेना. हिला मी चौथीपर्यंत जेवायला वाढलंय, गाजर ताटात लपवणारी. मी एका श्वासात सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"ओलेटामावशी, नंबर सांगा."

मी नंबर सांगितला, सात नाही, एक. "वर्लिनकाका आहेत शेजारी? फोन त्यांच्या हातात द्या आणि कुणीही कट करू नका. मी जोडते."

स्पीकरवर तिची बोटं ऐकू येत होती. घंटी वाजली. पुन्हा तीच बाई, आमचे सर्व प्रतिनिधी. रोवेनाने तो ठेवला आणि दुसरीकडे लावला. "हॉस्पिटल? जिल्हा आपत्कालीन केंद्रातून बोलतेय. किडनीच्या विभागात जिवंत माणूस हवाय मला, आत्ता. नाही, रांग नको. माणूस." तिचा तो आवाज ऐकून मला वाटलं, मी या पोरीला आणखी गाजरं वाढायला हवी होती. तिकडे कुणीतरी म्हणालं, थांबा हं. पुन्हा शांतता. बासरी नाही, काहीच नाही. वर्लिन फोन दोन्ही हातांत धरून उभा होता, ओठ हलत होते. ताप नाही, खोकला नाही, पायाची जखम भरली. पाठ करत होता.

मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. अकरा वाजून एक.

अकरा वाजून तीन मिनिटांनी ती आली. तोच गोड आवाज. "मिस्टर वर्लिन?"

"मी बोलतोय. ताप नाही. खोकला नाही."

ती म्हणाली, "मिस्टर वर्लिन, मला फार वाईट वाटतंय. अकराला मी पुढच्या नावाला फोन केला. त्यांनी होकार दिलाय. ते निघालेत."

"तीन मिनिटं," मी ओरडले. "तीन मिनिटं झालीत फक्त. अहो, तुमच्याच लाईनवर सहा मिनिटं बासरी ऐकत होतो आम्ही. फिरवा ना त्यांना मागे."

"मॅडम, त्यांना आता नाही कसं म्हणू मी?"

वर्लिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी गप्प बसावं म्हणून. "बरोबर आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "हो म्हटल्यावर कसं फिरवणार?"

"यादीतली तुमची जागा आहे तशीच आहे," ती म्हणाली. आता तिचाही आवाज थोडा हलला. "मला फक्त नंबर हवा. पुढच्या वेळी तुम्हाला कुठे फोन करू?"

वर्लिनने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग तो सवयीने आपलाच नंबर सांगायला लागला. तीन आकडे सांगून थांबला.

"शाळेचा घ्या," मी म्हटलं. "ऑफिसचा. मी असते तिथे."

तिने लिहून घेतला. "किती ते किती असता?"

"सकाळी सहा ते अडीच. शनिवार-रविवार नाही."

"आणि अडीचनंतर?"

नवा फोन मिळवायचा तर फॉर्म, ओळखपत्र, मग ते तपासणार, मग पाठवणार. आणि तपासायला ते कोड कुठे पाठवतील? याच फोनवर. मी हे सगळं डोक्यात मोजत होते तोवर माझ्या भावानेच उत्तर दिलं.

"अडीचनंतर मी इथेच असतो, बाई," तो म्हणाला. "टेकडीवर, चर्चपाशी. रोज असतो."

ती बाई म्हणाली, लिहिते, आणि तिची लाईन बंद झाली. रोवेना अजून होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"रोवेना, पोरी," वर्लिन म्हणाला, "तुझी लाईन अडवली मी. माफ कर हं."

"काही अडवली नाहीत, काका. दुसरी मोकळी आहे. तुम्ही बोला. मी आहे इथे."

"काय बोलू?"

"काहीही बोला. मी ऐकतेय."

त्याने विचार केला. खरंच विचार केला, मी बघत होते. मग म्हणाला, "नको. कुणाला तरी लागेल," आणि त्याने स्वतःच फोन बंद केला.

मी त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि तिथेच खडीवर बसून रडले.